अपघातग्रस्तांच्या पहिल्या उपचाराचे प्रशिक्षण : गोव्यातील लहान रुग्णवाहिका पथकांसाठी मार्गदर्शन

गोव्यात २००८ पासून १०८ ची सेवा सुरू आहे आणि गंभीर अपघातात पहिला फोन तिथेच गेला पाहिजे, याबद्दल दुमत नसावे. तरीही पंचायतींच्या, देवस्थानांच्या, क्रीडामंडळांच्या, कारखान्यांच्या कितीतरी रुग्णवाहिका गावोगाव उभ्या असतात. जवळची १०८ दुसऱ्या रुग्णाला घेऊन गेलेली असली की करमल घाटात घसरलेला दुचाकीस्वार किंवा माडावरून पडलेला पाडेली (नारळ पाडणारा) त्यांच्याच वाट्याला येतो. या गाड्यांवर बहुधा दोघेच असतात, एक चालक आणि एक सोबती. मदत करण्याची दोघांचीही मनापासून तयारी असते. परंतु रुग्णाला उचलून गाडीत घालायचे आणि सायरन वाजवत बांबोळी गाठायची, यापलीकडे त्यांना कोणी काही शिकवलेले नसते.

काणकोणच्या चावडीपासून बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय साठ-सत्तर किलोमीटरवर आहे. मांडीची मोठी रक्तवाहिनी फाटलेल्या माणसाच्या हाती काही मिनिटेच असतात, आणि त्या मिनिटांत त्याच्याजवळ जो असेल तोच त्याचा डॉक्टर. उत्तर इराक आणि कंबोडियातील भूसुरुंगांच्या प्रदेशात १९९७ ते २००१ या काळात गावकऱ्यांना आणि स्थानिक आरोग्यसेवकांना पद्धतशीर प्रशिक्षण देण्यात आले, तेव्हा जखमींमधील मृत्यूचे प्रमाण ४० टक्क्यांवरून १४.९ टक्क्यांवर आले. तिथे ना हेलिकॉप्टर होते, ना महागडी यंत्रे. मी अशाच एका लहान पथकात काम करत शिकलो आणि आता नव्या मुलामुलींना शिकवतो. माझे ठाम मत असे झाले आहे की साधनांची टंचाई ही खरी अडचण नाही; ठरलेला क्रम हातात बसलेला नसणे, ही खरी अडचण आहे. तो क्रम वर्गात बसत नाही. तो आपल्याच गाडीत, आपल्याच साहित्यावर, आपल्याच जोडीदाराबरोबर घोटावा लागतो.

१. प्रशिक्षणाआधी आपली मर्यादा ठरवून घ्या

सर्वप्रथम एक नोंदणीकृत डॉक्टर पथकाचा वैद्यकीय मार्गदर्शक म्हणून लेखी स्वरूपात नेमा. गावातील प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी, निवृत्त शल्यचिकित्सक किंवा खाजगी व्यवसाय करणारे डॉक्टर यांपैकी कोणीही चालेल. मात्र फोन केल्यावर त्यांनी उचलला पाहिजे. पथकाने काय करायचे आणि काय करायचे नाही, याची एक पानी यादी त्यांच्या सहीने तयार करा. रक्तस्राव थांबवणे, श्वासमार्ग मोकळा करणे, ऑक्सिजन देणे, हाड स्थिर करणे ही कामे प्रशिक्षित सोबत्याने करावीत. सलाइन लावणे आणि औषध देणे हे केवळ तशी पात्रता असलेल्याने, तेही डॉक्टरांच्या सूचनेनुसारच करावे.

त्यानंतर गाडीकडे पाहा. रुग्णवाहिकांसाठी देशात एआयएस-१२५ हे मानक आहे; त्यात प्राथमिक प्रतिसादाची, रुग्ण वाहून नेण्याची, मूलभूत उपचारांची आणि प्रगत उपचारांची असे वाहनांचे चार प्रकार केलेले आहेत. आपली गाडी त्यांपैकी कोणत्या प्रकारात बसते, हे ठाऊक नसेल तर प्रशिक्षणही भलत्याच पातळीचे घेतले जाते. ज्या गाडीत मॉनिटरच नाही, तिच्या पथकाला हृदयाच्या आलेखावर दोन दिवस व्याख्यान देणे म्हणजे त्यांचा वेळ वाया घालवणे होय.

कायद्याविषयी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १३४-अ हे अपघातग्रस्ताला सद्भावनेने, स्वेच्छेने आणि मोबदल्याची अपेक्षा न ठेवता मदत करणाऱ्याला संरक्षण देते. पगार घेऊन कामावर असलेल्या पथकाने त्या कलमावर विसंबून राहू नये. पथकाचे संरक्षण म्हणजे त्याचे प्रशिक्षण, डॉक्टरांची लेखी यादी आणि नीट भरलेली नोंदवही. रुग्णालयाच्या बाजूनेही बंधन आहे: तातडीच्या रुग्णावर उपचार करणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य असून कायदेशीर सोपस्कार त्याच्या आड येता कामा नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट केलेले आहे.

२. ही कागदपत्रे आधी जमवा

पथकातील प्रत्येकासाठी:
- ओळखपत्र, शिक्षणाचे प्रमाणपत्र आणि दोन छायाचित्रे
- चालकाचा वैध परवाना. सोबत्यानेही गाडी चालवायला शिकून परवाना काढलेला असावा
- हिपॅटायटिस-बी लसीच्या तीन मात्रांची नोंद (पहिली, एका महिन्याने दुसरी, सहा महिन्यांनी तिसरी) आणि धनुर्वाताच्या लसीची नोंद
- प्रथमोपचाराचे आधीचे प्रमाणपत्र असल्यास त्याची प्रत
- पोलीस पडताळणीचा दाखला

गाडीसाठी नोंदणी प्रमाणपत्र, तंदुरुस्ती प्रमाणपत्र, विमा, ऑक्सिजन सिलिंडरच्या चाचणीची नोंद आणि जैववैद्यकीय कचरा कोणाकडे द्यायचा याचे लेखी पत्र लागते. हे शेवटचे पत्र बहुतेकजण विसरतात. २०१६ च्या नियमांनुसार रक्ताने माखलेले गॉज पिवळ्या पिशवीत, हातमोजे आणि नळ्या लाल पिशवीत, तर सुया भोक न पडणाऱ्या पांढऱ्या डब्यात जातात. हे सारे शेवटी घ्यायचे कोणी, हे जवळच्या आरोग्य केंद्राशी बोलून आधीच ठरवावे.

३. अभ्यासक्रम निवडताना

पूर्णवेळ या क्षेत्रात यायचे असेल तर हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलचा ‘इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन – बेसिक’ हा रीतसर मार्ग आहे. आधीच काम करणाऱ्यांसाठी पीएचटीएलएस आणि आयटीएलएस हे अपघात-उपचारावरचे आंतरराष्ट्रीय लघु अभ्यासक्रम भारतातही होतात, परंतु त्यांची फी लहान संस्थेला जड जाते. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समिती यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेला ‘बेसिक इमर्जन्सी केअर’ हा अभ्यासक्रम मात्र तुटपुंज्या साधनांत काम करणाऱ्यांसाठीच तयार केलेला असून त्याचे पुस्तक विनामूल्य मिळते. वैद्यकीय मार्गदर्शक तयार असतील तर माझा सल्ला असा की पाया या पुस्तकाचा ठेवावा, रेडक्रॉस किंवा सेंट जॉन ॲम्ब्युलन्सचे प्रथमोपचार प्रमाणपत्र सर्वांनी घ्यावे आणि निदान एकाला पीएचटीएलएस किंवा आयटीएलएसला पाठवून त्याला पथकाचा शिक्षक करावा.

इथे दोन गोष्टी हमखास बिघडतात. पहिली म्हणजे भाषा. व्याख्यान इंग्रजीत चालते, मुले माना डोलावतात आणि प्रत्यक्ष वेळ आली की काहीच आठवत नाही. म्हणून शिकवणे मराठी-कोंकणीतच व्हावे आणि शिकणाऱ्याने प्रत्येक कृती करता करता मोठ्याने बोलून दाखवावी. दुसरी म्हणजे गर्दी. एका सभागृहात पन्नासजणांना बसवून घेतलेले शिबिर छायाचित्रात चांगले दिसते, पण त्यात प्रत्येकाच्या हाताला एकदाही अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) लागत नाही. एका शिक्षकामागे सहाजणांहून अधिक नसावेत, आणि चालक व सोबती यांना वेगवेगळ्या दिवशी कधीच बोलावू नये.

४. साहित्य : थोडे, पण रोज तपासलेले

किमान यादी पुढीलप्रमाणे धरावी: भरपूर हातमोजे, डोळ्यांचे चष्मे, परावर्तक जाकिटे; गॉजच्या लांब पट्ट्या, क्रेप बँडेज, त्रिकोणी बँडेज; दोन तयार टूर्निके (हातापायाचा रक्तस्राव थांबवण्यासाठी आवळायचे पट्टे); वेगवेगळ्या मापांच्या तोंडातील एअरवे (श्वासमार्ग मोकळा ठेवणाऱ्या नळ्या); मोठ्यांची आणि मुलांची अंबू बॅग, मास्कसह; तोंडातील रक्त-लाळ ओढून काढणारा, हाताने किंवा पायाने चालणारा सक्शन पंप; ऑक्सिजन सिलिंडर व पिशवीचा मास्क; मानेची कॉलर, स्कूप स्ट्रेचर किंवा स्पाइन बोर्ड आणि पट्टे; स्प्लिंट; कपडे कापायची बोथट टोकाची मजबूत कात्री; रक्तदाबाचे यंत्र, पल्स ऑक्सिमीटर, टॉर्च; कोरड्या चादरी व ब्लँकेट; कायम शाईचा मार्कर. विजेवर चालणारा सक्शन असला तरी पायाचा पंप काढून टाकू नका, कारण बॅटरी नेमकी नको त्या वेळी उतरते.

ऑक्सिजनचे गणित प्रत्येकाला तोंडपाठ असावे. बी टाइपचा सिलिंडर पूर्ण भरलेला असताना त्यात साधारण १५०० लिटर वायू असतो. मिनिटाला १० लिटर दिल्यास तो १५० मिनिटे पुरतो. काटा अर्ध्यावर असेल तर ७५ मिनिटे. म्हणजे काणकोणहून निघताना अर्धा सिलिंडर ‘आहे ना थोडा’ म्हणून चालत नाही. वाहतूक कुठे तुंबली तर बांबोळीच्या आधीच तो संपतो. पाळी सुरू होताना काटा वाचा, आकडा नोंदवहीत लिहा आणि झडप प्रत्यक्ष उघडून पाहा. सिलिंडरची चावी तारेने सिलिंडरलाच बांधून ठेवा.

५. क्रम : हाच प्रशिक्षणाचा गाभा

घटनास्थळी पहिला प्रश्न रुग्णाचा नव्हे, जागेचा असतो. पावसाळ्यात झाड पडून विजेची तार रस्त्यावर लोंबत असेल तर वीज खात्याने पुरवठा तोडल्याची खात्री होईपर्यंत जवळ जायचे नाही. घाटाच्या वळणावर गाडी अशी उभी करायची की मागून येणाऱ्या वाहनापासून ती तुम्हाला आडोसा देईल. पत्रा कापून माणूस काढायचा असेल तर ते काम अग्निशामक दलाचे. १०१ वर कळवा आणि तोवर आत अडकलेल्याचा श्वास व रक्तस्राव सांभाळा.

मग रुग्ण. क्रम असा: मोठा रक्तस्राव, श्वासमार्ग, श्वसन, रक्ताभिसरण, मेंदूची स्थिती, आणि कपडे काढून पूर्ण तपासणी व ऊब. आधीच्या पायरीवरचा धोका आवरल्याशिवाय पुढे जायचे नाही. वाकडा झालेला पाय पाहून सगळ्यांचे लक्ष तिकडे जाते, आणि माणूस मात्र तोंडातल्या रक्ताने गुदमरत असतो. क्रम शिकवायचा तो याचसाठी.

रक्तस्राव. उसळून वाहणाऱ्या जखमेवर आधी सरळ हाताने जोर द्या. हातापायाच्या जखमेवर दाबाने भागत नसेल तर टूर्निके जखमेच्या पाच ते सात सेंटिमीटर वर, सांधा सोडून, रक्त थांबेपर्यंत आवळायचा. तो दुखतो आणि दुखणारच. रुग्ण ओरडला म्हणून सैल करायचा नाही. लावल्याची वेळ मार्करने कपाळावर किंवा टूर्निकेवर लिहा आणि रुग्णालयात पोहोचेपर्यंत सोडू नका. तयार टूर्निके नसेल तर त्रिकोणी बँडेजची रुंद घडी आणि एक मजबूत दांडी चालते. सुतळी, तार किंवा सलाइनची नळी चालत नाही, कारण ती मांस कापते आणि रक्त थांबवत नाही. जांघ, काख, मानेचा पाया अशा जागी टूर्निके बसत नाही. तिथे जखमेत गॉज खोलवर भरून वर निदान तीन मिनिटे दाब धरायचा. छाती आणि पोटाच्या जखमेत मात्र गॉज भरायचा नाही. रुतलेली वस्तू, मग ती सळई असो वा काच, ओढून काढायची नाही. ती हलणार नाही अशी सभोवार बांधायची.

श्वासमार्ग. बोलणाऱ्या माणसाचा श्वासमार्ग त्या घडीला मोकळा असतो. बेशुद्ध असेल तर मान मागे न टाकता खालचा जबडा दोन्ही बाजूंनी पुढे उचलायचा. तेवढ्याने मार्ग मोकळा होतच नसेल, तर डोके हळू मागे करावेच लागते. मणक्याच्या भीतीने माणूस गुदमरू देणे योग्य नाही. तोंडातील एअरवेचे माप ओठाच्या कोपऱ्यापासून कानाच्या पाळीपर्यंत घ्यायचे आणि रुग्णाला उबळ येत असेल तर तो घालायचाच नाही. सक्शन एका वेळी १० ते १५ सेकंदांपेक्षा जास्त नको.

श्वसन. छाती दोन्ही बाजूंनी सारखी वर येते का, हे पाहा. छातीला भोक पडून हवा आत ओढली जात असेल तर प्लॅस्टिकचा तुकडा तीन बाजूंनी चिकटवा. नंतर श्वास अधिक बिघडला तर तो उचलून हवा बाहेर जाऊ द्या. अंबू बॅगेने श्वास देताना प्रौढाला सहा सेकंदांनी एक, एवढाच वेग ठेवा. घाबरलेला हात भराभर दाबतो, आणि डोक्याला मार लागलेल्या माणसात त्याने मेंदूचा रक्तपुरवठा घटतो. बॅग शक्यतो दोघांनी चालवावी: एकाने दोन्ही हातांनी मास्क बसवायचा, दुसऱ्याने दाबायची. गाडी धावत असताना सोबती एकटाच मागे असतो, म्हणून एका हाताने मास्क धरण्याचा सरावही वेगळा करावा लागतो.

रक्ताभिसरण. रक्तदाबावर विसंबू नका. शरीरातील जवळपास ३० टक्के रक्त जाईपर्यंत तरुण माणसाचा रक्तदाब ठीकच दिसू शकतो. थंडगार घामेजलेली त्वचा, जोरात चालणारी नाडी आणि नख दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत न परतणारा रंग, यांवर लक्ष ठेवा. दुचाकीच्या धडकेनंतर कंबरेत तीव्र वेदना असतील तर कंबरेचे हाड हलवून पाहू नका. घडी केलेली चादर मांड्यांच्या वरच्या टोकाशी, बाजूला हाताला लागणाऱ्या हाडाच्या उंचवट्यांवरून गुंडाळून आवळा. नवे पथक ती हमखास पोटावर बांधते आणि तिचा काही उपयोग होत नाही. सलाइनच्या बाटल्यांमागून बाटल्या ओतणे हा उपचार नव्हे, त्याने रक्त पातळ होते. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड हे स्वस्त औषध दुखापतीपासून तीन तासांच्या आत दिल्यास रक्तस्रावाने होणारे मृत्यू कमी होतात, हे २०१० च्या क्रॅश-२ चाचणीने दाखवले. ते डॉक्टरांच्या आदेशानेच द्यायचे, पण दुखापतीची वेळ नोंदवणे हे तुमचे काम आहे.

मेंदूची स्थिती. डोळे, बोलणे आणि हालचाल यांवरून ३ ते १५ गुण देणारी ग्लासगो पद्धत १९७४ पासून वापरात आहे. गुण ८ किंवा त्याहून कमी असतील तर श्वासमार्ग धोक्यात आहे असेच समजा. दोन्ही बाहुल्या सारख्या आहेत का, ते टॉर्चने पाहा. दर काही मिनिटांनी पुन्हा मोजा. पहिला आकडा आणि पोहोचतानाचा आकडा यांतील फरकच डॉक्टरला सर्वाधिक सांगून जातो. दारूचा वास आला म्हणून ‘प्यायलेला आहे’ असे ठरवून मोकळे होऊ नका. प्यायलेल्या माणसाच्याही कवटीत रक्त साचते.

कपडे आणि ऊब. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्याकडचा जखमी बहुधा चिंब भिजलेला असतो. गोवा उष्ण आहे म्हणून कोणाला थंडी वाजेल असे वाटत नाही, पण रक्त गेलेला माणूस ओल्या कपड्यांत भराभर गार पडतो आणि गार पडलेल्या शरीरात रक्त नीट गोठत नाही. ओले कपडे कापून काढा, अंग टिपा, कोरडे ब्लँकेट घाला आणि मागचा एसी बंद करा. तुम्हाला उकडेल, ते सोसावे.

गंभीर रुग्णाच्या बाबतीत घटनास्थळी दहा मिनिटांहून अधिक थांबू नये. बाकीची तपासणी चालत्या गाडीत करता येते.

६. सराव कसा घ्यायचा

रक्तस्राव थांबवण्याचा सराव करण्यासाठी महागडा पुतळा लागत नाही. जाड स्पंजच्या ठोकळ्यात बोटभर रुंद, खोल चीर पाडा. सलाइनच्या नळीचे टोक खालून त्या चिरेच्या तळाशी आणून ठेवा. रिकाम्या बाटलीत पाणी आणि थोडे कोकम आगळ घालून ती उंच टांगा आणि झडप उघडा. लाल पाणी चिरेतून वर येऊ लागते. आता शिकणाऱ्याला गॉज द्या. बहुतेकजण वरच्या वर गॉजचा ढीग रचतात आणि त्याच्या कडेने पाणी वाहतच राहते. बोटाने नळीचे तोंड शोधून, गॉजचा पहिला पदर थेट त्याच्यावर दाबला आणि एक बोट उचलण्याआधी दुसरे बोट ठेवत चीर भरत गेले, तरच धार थांबते. ती थांबल्याचे बोटांना कळते, आणि एकदा कळले की विसरत नाही. आगळ डोळ्यांत झोंबते आणि कपड्यांवरचा डाग जात नाही, तेव्हा चष्मा व जुने कपडे घालूनच हा सराव घ्या.

गोव्यात दुचाकींचे अपघात भरपूर, म्हणून हेल्मेट काढणे हा दुसरा अनिवार्य धडा. एकाने डोक्याच्या वरच्या बाजूला बसून हेल्मेट आणि जबडा दोन्ही हातांनी स्थिर धरायचे. दुसऱ्याने पट्टा सोडून किंवा कापून एक हात मानेमागे, दुसरा हनुवटीवर ठेवायचा आणि ‘धरले’ असे मोठ्याने म्हणायचे. तो शब्द ऐकल्यावरच पहिल्याने हेल्मेटच्या कडा बाहेर ताणून, नाक सुटावे म्हणून किंचित मागे झुकवत ते काढायचे. मग डोक्याचा भार पुन्हा पहिल्याने घ्यायचा. हा सराव तुमच्या चालकाबरोबरच करा, कारण घटनास्थळी दुसरे हात त्याचेच असतील.

मणक्याची शंका असेल तर, विशेषतः माडावरून पडलेल्या किंवा उथळ समुद्रात सूर मारलेल्या माणसात, डोके, मान व धड एका रेषेत ठेवून लाकडाच्या ओंडक्यासारखे एकत्र वळवायचे. आज्ञा नेहमी डोके धरणाऱ्याची. किनाऱ्यावर ‘दृष्टी मरीन’ या संस्थेचे जीवरक्षक आधीच हजर असतात, त्यांच्याकडून रुग्ण कसा ताब्यात घ्यायचा याची एकत्र तालीम ठेवलेली बरी. कडक स्पाइन बोर्ड रुग्णाला उचलून आणण्यासाठी आहे. लांबच्या प्रवासात त्यावर बांधून ठेवल्यास पाठीला जखमा होतात.

दिवसा, कोरड्या पटांगणावर जमलेले पथक रात्री पावसात गोंधळते. म्हणून काही सराव दिवे मालवून, अंगावर पाणी घेऊन, आणि भोवती आरडाओरडा करणाऱ्या ‘नातेवाइकांसह’ घ्यावेत. रुग्णाशी त्याच्या भाषेत बोलण्याचाही सराव हवा. ‘खंय दुखता?’, ‘हालूं नाका’ एवढी दोन वाक्ये शांत आवाजात म्हटली तरी घाबरलेली आजी हात सोडते. ‘काका, माझ्याकडेच पाहा, मान वळवू नका, मी इथेच आहे’ असे सांगत राहणे हाही उपचाराचाच भाग आहे.

७. कुठे न्यायचे आणि कसे सोपवायचे

सर्वांत जवळचे रुग्णालय हेच योग्य रुग्णालय असते असे नाही. डोक्याला गंभीर मार असेल तर मेंदूशल्यचिकित्सा असलेल्या बांबोळीलाच अखेर जावे लागते. वाटेत दुसरीकडे उतरवून पुन्हा चढवण्यात अमूल्य वेळ जातो. याउलट श्वासमार्ग तुमच्याने राखला जात नसेल किंवा रक्तस्राव आवरत नसेल, तर म्हापसा, फोंडा, मडगाव यांपैकी जे आधी लागेल तिथे थांबणेच शहाणपणाचे. हे निर्णय त्या क्षणी घेण्यासाठी नसतात. वैद्यकीय मार्गदर्शकाबरोबर बसून आपल्या तालुक्याचा नकाशा आखून ठेवा. दिवाडीसारख्या फेरीवर अवलंबून असलेल्या बेटावर रात्री काय करायचे, घाटात रुग्ण १०८ कडे कोणत्या जागी सोपवणे सोयीचे, हेही त्यात लिहा.

निघताच रुग्णालयाला कळवा. सोपवताना चार गोष्टी याच क्रमाने, अर्ध्या मिनिटात सांगा: अपघात कसा व केव्हा झाला, कोणत्या दुखापती दिसल्या, नाडी-श्वास-शुद्धीचे आकडे काय होते व कसे बदलले, आणि तुम्ही काय केले. उदाहरणार्थ: ‘सुमारे तीस वर्षांचा पुरुष, पाऊण तासापूर्वी दुचाकी ट्रकला धडकली, हेल्मेट होते. उजवी मांडी मोडलेली, कंबरेत वेदना. नाडी १३०, ग्लासगो १४ वरून १३. सात वाजून दहा मिनिटांनी टूर्निके, कंबरेला चादर, ऑक्सिजन १० लिटर.’ मग लेखी पत्रक द्या आणि घेणाऱ्याचे नाव व वेळ आपल्या प्रतीवर लिहून घ्या. अपघाताची केस पोलीस-नोंदीची असते. कापलेले कपडे फेकू नका, ते पिशवीत घालून द्या. तुटलेले बोट मिळाले तर ओलसर गॉजमध्ये, मग बंद पिशवीत, आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात. थेट बर्फावर कधीही नाही.

८. एकाहून अधिक जखमी असतील तेव्हा

चोर्ला किंवा अनमोड घाटात बस उलटली तर पहिल्या पथकाने उपचारांत गुंतायचे नाही, वर्गवारी करायची. १९८३ मध्ये कॅलिफोर्नियात तयार झालेली ‘स्टार्ट’ पद्धत शिकायला सोपी आहे. जे चालू शकतात त्यांना एका बाजूला, हिरव्या गटात काढा. उरलेल्यांत श्वास मिनिटाला ३० हून जास्त, किंवा मनगटाची नाडी लागत नाही, किंवा साधी सूचना पाळता येत नाही, यांपैकी एक जरी असले तर लाल (सर्वांत आधी न्यायचा), अन्यथा पिवळा (थोडा थांबू शकणारा). श्वासमार्ग उघडूनही श्वास येत नसेल तर काळा, म्हणजे मृत धरायचा. काळी पट्टी बांधून पुढे जाणे फार जड जाते, आणि म्हणूनच त्याबद्दल प्रशिक्षणातच मोकळेपणाने बोलले पाहिजे.

९. स्वतःची काळजी

रक्ताळलेली सुई टोचली तर जागा साबण-पाण्याने धुवा आणि लगेच रुग्णालय गाठा. एचआयव्ही-प्रतिबंधक औषध जितके लवकर तितके चांगले, आणि ७२ तासांनंतर ते सुरू करण्यात अर्थ राहत नाही. ते रात्री-अपरात्री कुठे मिळेल, हे आधीच विचारून ठेवा. एखादे मूल हाती लागूनही वाचले नाही, तर त्या पथकाला दुसऱ्या दिवशी एकटे सोडू नका. वरिष्ठाने घरी जाऊन भेटावे, काय घडले ते ऐकून घ्यावे आणि गरज भासल्यास सुट्टी द्यावी.

१०. प्रमाणपत्र मिळाल्यानंतर

हाताचे कौशल्य काही महिन्यांतच ओसरते. म्हणून दर महिन्याला एक संध्याकाळ ठरवा: एक रक्तस्रावाचा सराव, एक अंबू बॅगेचा, एक हेल्मेटचा, आणि त्या महिन्यातील एका खऱ्या रुग्णाची नोंदवहीवरून चर्चा. चर्चेत कोणाचे चुकले यापेक्षा कोणती पायरी उशिरा झाली, हे शोधावे. फोन ते पोहोचणे, पोहोचणे ते निघणे, निघणे ते रुग्णालय या तीन वेळा प्रत्येक नोंदीत असल्या तरच ते सापडते. रुग्णाचे पुढे काय झाले, हे वैद्यकीय मार्गदर्शकामार्फत रुग्णालयाकडे विचारावे. रुग्णाचे नाव मात्र चर्चेत येऊ नये. नवा सोबती रुजू झाला की पहिल्या पाळीआधी त्याच्याकडून गाडीतील प्रत्येक वस्तू डोळे मिटून काढून घ्या. टूर्निके, एअरवे आणि कात्री ज्याला अंधारात हाताने सापडत नाही, त्याला आणखी एक दिवस गाडीत बसवा आणि मगच पाळीवर पाठवा.